पाऊण मिनिटाची माणसं

दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा, असा फोन आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे आधी यादी केली. बर्फ वितळला तो दिवस, एकाच वेळी आलेले दोन वाढदिवस, बूट बदलून गेलेलं वऱ्हाड, असं करत यादी दोन पानं झाली. नवऱ्याने ती वाचली आणि परत दिली.

"ही तुझ्या ऑफिसची फाईल झाली. फराळाच्या ताटाशेजारी हे कोण वाचणार? एकच गोष्ट सांग आणि पुरती सांग."

"कुठली?"

सगळ्यात खाली, शक्यतो दिसू नये अशा बेताने मी एक मुद्दा लिहिला होता. त्याने नेमकं त्यावर बोट ठेवलं. 'हॉकी, चौथी लाईन, माझा अहवाल.'

तर तीच सांगते.

मी कतारमध्ये, दोह्यातल्या एका मॉलमधल्या आइस रिंकची ऑपरेशन्स मॅनेजर आहे. बाहेर उन्हाने गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही अशा दिवसांत मी आत स्वेटर घालून बसते. गावी गेलं की लोक विचारतात, म्हणजे तुम्ही नक्की करता काय? खरं उत्तर असं की, काही घडू नये याची व्यवस्था करते. सकाळी शाळांच्या सहली, दुपारी स्केटिंगचे वर्ग, संध्याकाळी सगळ्यांसाठी खुलं, आणि मध्ये मध्ये यंत्र फिरवून बर्फ गुळगुळीत करून घ्यायचा. केक बर्फावर जाऊ द्यायचा नाही. एका गृहस्थांनी, मुलाला सर्दी आहे, बर्फ जरा कमी गार करता येईल का, असं विचारलं होतं, त्यांना नम्रपणे नाही म्हणायचं. आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या एका उत्साही ताईंना संक्रांतीचं हळदीकुंकू रिंकवर करायचं होतं. तिळगुळाची ताटं घेऊन घसरत जाणाऱ्या नऊवारीतल्या बायका मला डोळ्यांसमोर दिसल्या आणि मी तारीख शिल्लक नाही असं सांगून टाकलं.

इतक्या वर्षांत मी स्वतः मात्र एकदाही स्केट घातलेले नव्हते. माझी हद्द रबरी पायपुसण्यापर्यंत. तिथे उभी राहून मी सगळ्यांना कसं वळायचं ते सांगायचे. आमच्या स्केटच्या काउंटरवरचे इम्तियाजभाई म्हणायचे, "मॅडम म्हणजे पोहायला शिकवणाऱ्या बाय, पण काठावरनं."

इम्तियाजभाई रत्नागिरीचे. पन्नाशीला आलेले, पोट थोडं पुढे, आवाज कोकणातल्या बाजारातला. भाड्याने स्केट द्यायचे, परत आले की पुसायचे, पात्यांना धार लावायची, हे त्यांचं काम. राहायला अल हिलालला. गिऱ्हाईक नसेल तेव्हा स्केट घालून फिरता फिरता हा माणूस बर्फावर चालायला नाही, चक्क पळायला शिकला.

शुक्रवारी मॉल दुपारच्या नमाजनंतर उघडतो. त्याआधीची सकाळ रिंक रिकामा असतो, आणि ती सकाळ आइस हॉकीवाल्यांची. वाळवंटात आइस हॉकी कोण खेळतं, असं मलाही वाटायचं. खेळतात. कॅनडाचे, फिनलंडचे, झेक लोक इथे नोकरीला येतात आणि सामानात हॉकीची काठी घेऊन येतात. आमच्या संघाचा कप्तान आणि कोच ग्रेग हा कॅनडाचा इंजिनियर, ऑफिस लुसैलला. मी याद्या करते हे त्याने पाहिलं आणि मला संघाची मानद मॅनेजर करून टाकलं. मानद म्हणजे कोणाची जर्सी धुवायला गेलीय आणि कोणाची नुसतीच वास मारतेय, हे लक्षात ठेवणारी.

आता 'लाईन' म्हणजे काय ते सांगते. हा खेळ मला समजायला फार वेळ लागला, तुम्हाला तितका लागू नये. बर्फावर एका वेळी एक गोलकीपर आणि पाच खेळाडू असतात. त्यातले पुढचे तिघे म्हणजे एक लाईन. बर्फावर पळणं इतकं दमवणारं असतं की एक लाईन पाऊण मिनिट जीव तोडून खेळते, मग बाकावर येते आणि दुसरी लाईन कठड्यावरून उडी मारून आत जाते. पंचाला विचारायचं नाही, खेळ थांबवायचा नाही. पहिल्या लाईनीत सगळ्यात चांगले तिघे, दुसरीत त्यांच्या खालचे, अशी उतरंड. चौथी लाईन म्हणजे शेवटचे तिघे. ते कमी वेळा आत जातात आणि गोल जवळजवळ करत नाहीत.

आमच्या चौथ्या लाईनीत एक इम्तियाजभाई. दुसरा अमेय, नाशिकचा, आयटीतला. लहानपणी कॉलनीच्या रस्त्यावर चाकांच्या स्केटवर खेळला होता आणि चाकं नसतानाही अधूनमधून चाकं असल्यासारखा वळायचा. तिसरा जोएल, फिलिपिनो, अकाउंटंट, बोलायला अत्यंत सभ्य आणि कठड्याशी होणाऱ्या मारामारीत अत्यंत दांडगा.

एका शुक्रवारी खेळ संपल्यावर ग्रेग माझ्या टेबलाशी आला. आखातातल्या इतर शहरांचे संघ दोह्यात खेळायला येणार होते. प्रत्येक संघात किती जण घ्यायचे याला मर्यादा होती. लुसैलच्या ऑफिसांत ग्रेगला दोन नवे तगडे खेळाडू सापडले होते. त्यांना घ्यायचं तर चौथी लाईन मोडावी लागणार होती.

"तू तुझ्या स्टाफचं अप्रेझल करतेस ना?" तो म्हणाला. "चौथ्या लाईनीचं कर. ती हवी की नको, मला लिहून दे. तू बाहेरची आहेस, तुझं मत निष्पक्ष असेल."

माझं मत निष्पक्ष होतंच. अज्ञानाइतकं निष्पक्ष दुसरं काही नसतं, हे नंतर कळलं.

हे इम्तियाजभाईंच्या कानावर घालायचं मी टाळत होते, पण काउंटरवर बातमी माझ्याआधी पोचते. "मॅडम, तुमी आमची परीक्षा घेताय म्हणे," ते धार लावता लावता म्हणाले. "बरोबर त्या टायमाला माझी मोठी आपा रत्नागिरीसनं येतेय. आख्ख्या मोहल्ल्यात सांगून आलीय, भाऊ बर्फावर मॅच खेळतो म्हणून. कोण इश्वास ठेवीत नाय. ती बघून जाणार आणि तिकडं सांगणार. जरा सांभाळून मार्क द्या."

"मार्क कामावर मिळतील, इम्तियाजभाई."

"इन्शाल्ला," ते म्हणाले. माझ्या स्टाफपैकी कोणीही अप्रेझलच्या आधी इन्शाल्ला म्हणालं की मला स्वतःबद्दल जरा बरं वाटतं. त्या दिवशीही वाटलं.

मूल्यमापनाला निकष हवा. मी सांगलीची. शाळेत असताना खो-खो खेळलेली, म्हणजे संघात असलेली. खो-खोत पळती करणारे तीन-तीनच्या तुकडीने आत येतात. पहिली तुकडी बाद झाली की दुसरी, ती झाली की तिसरी. जो जास्त वेळ टिकला तो मोठा. मी तिसऱ्या तुकडीत होते. आमच्या पहिल्या दोन तुकड्या इतक्या भारी होत्या की आंतरशालेय सामन्याच्या अंतिम फेरीत आमची पाळीच आली नाही. वेण्या वर बांधून, मोजे ओढून, मी पळतीच्या वेळी मैदानाच्या कडेला आणि पाठलागाच्या वेळी, एकही खो न मिळता, ओळीत उकिडवी बसून होते. ढाल मिळाली, फोटोत मीही आहे, फक्त माझे पाय स्वच्छ आहेत.

तेव्हा तिघातिघांच्या तुकड्या पाहिल्यावर माझ्या डोक्यात दुसरा विचार आलाच नाही. मी स्टॉपवॉच घेतलं आणि कोण किती वेळ आत टिकतो ते मोजलं.

निकाल स्वच्छ होता. पहिल्या लाईनीतला तारिक, मूळ लेबनॉनचा पण मॉन्ट्रियलला वाढलेला, एकदा आत गेला की बाहेर यायचं नाव घेत नव्हता. सगळे बाकावर पोचले तरी हा आत. ग्रेग ओरडतोय, हा आत. मला ते ओरडणं प्रोत्साहन वाटलं. तारिकला मी सर्वोत्तम शेरा दिला. आणि चौथी लाईन? आत गेली न गेली की बाहेर. इम्तियाजभाई तर पाऊण मिनिट व्हायच्या आतच कठड्यावर. मी शेरा लिहिला, 'मैदानावर टिकून राहण्याची क्षमता कमी.' रंगीत तक्ता केला, आलेख जोडला, आणि शेवटी लिहिलं, 'सबब चौथ्या लाईनीची आवश्यकता दिसत नाही.'

आता तुम्ही म्हणाल, ग्रेगने हे वाचून डोकं धरलं असेल. ग्रेगने फक्त शेवटचं वाक्य वाचलं. ही पद्धत फक्त आपल्याकडेच असेल असं मला वाटायचं, तसं नाही. त्याला नवे खेळाडू हवेच होते. अहवाल त्याला पटला.

पुढच्या शुक्रवारी सराव सामना होता, बहारीनहून आलेल्या संघाशी. चौथी लाईन साध्या कपड्यांत कठड्यामागे उभी होती. जोएल "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणाला, त्यात काही कमी नव्हतं, म्हणून जास्त लागलं. अमेयने विचारलं, "ताई, माझ्यात नक्की काय कमी पडलं?"

"टिकून राहणं," मी म्हणाले.

इम्तियाजभाईंनी माझ्याकडे बघून हात जोडले. "नापास केलात आमाला. खलास. आपाला सांगतो, भाऊ बर्फाच्या दुकानात हाय, बर्फावर नाय."

"तुम्ही रागावलात?"

"नाय ओ. मी फक्त इचार करतोय, तिला त्या दिवशी सूक वाकिफच्या बाजारात फिरायला नेऊ की कुठं."

मग खेळ सुरू झाला. हा खेळ तीन भागांत होतो. पहिला भाग उत्तम गेला. दोघे नवे खेळाडू खरोखरच तगडे होते. दुसऱ्या भागात आमची मुलं बाकावर बसायच्या आत पुन्हा उठायला लागली. तिसऱ्या भागात बहारीनवाले पळत होते आणि आमचे लोक पाण्यातून चालल्यासारखे चालत होते. गोलवर गोल बसले. मी मॅनेजरच्या जागी, बाकाच्या टोकाला उभी होते. तारिक बर्फावरून आला तो सरळ कचऱ्याच्या डब्याशी गेला आणि सकाळचा नाश्ता परत केला. मी त्याला पाणी दिलं आणि धीर म्हणून सांगितलं की माझ्या अहवालात तू पहिला आहेस.

"कशात पहिला?"

"सगळ्यात जास्त वेळ आत टिकतोस."

त्याने तोंड पुसलं. "मॅडम, मी दहा वर्षांचा होतो तेव्हापासून प्रत्येक कोच मला याच गोष्टीसाठी शिव्या देतोय. ग्रेगपण देतो. मला बाहेर येणं जमत नाही. हावरटपणा आहे तो." मग त्याच्या डोक्यात काहीतरी उजेड पडला. "म्हणजे जे वेळेवर बाहेर येतात, त्यांना तू काढलंस?"

मी पाण्याची बाटली पुन्हा त्याच्यापुढे धरली. तो हसायला लागला, आणि हसता हसता पुन्हा डब्याशी गेला.

त्या दिवशी घरी जाऊन मी रंगीत तक्ता पुन्हा उघडला. एकही आकडा चुकलेला नव्हता. तक्ता फक्त उलटा धरायला हवा होता. मी अख्खा अहवाल सांगलीच्या मैदानावरून लिहिला होता.

पुढचा आठवडाभर मी आधीच्या सामन्यांची चित्रणं पाहिली. तारिकच्या मित्राने ती मोबाईलवर घेतलेली, हलणारी आणि मध्येच सँडविच दिसणारी. या वेळी मी स्टॉपवॉच लांब ठेवलं आणि एवढंच बघितलं, की चौथी लाईन आत असताना काय होतं.

काहीच होत नव्हतं.

म्हणजे अक्षरशः. त्यांनी गोल केला नव्हता, पण त्यांच्यावरही कोणी केला नव्हता. पक म्हणजे ती रबराची काळी चकती. ते तिघे ती समोरच्यांच्या कोपऱ्यात ढकलायचे आणि तिथे कठड्याशी तिच्यावर बसल्यासारखे उभे राहायचे. समोरचे चांगले खेळाडू त्यांना ढोसून ढोसून दमायचे. तोवर आमची पहिली लाईन बाकावर श्वास घ्यायची, पाणी प्यायची, माणसात यायची. मग तिघेही सुटसुटीत बाहेर. आत जाताना खेळ जसा होता तसाच परत देऊन.

हे पाहताना मला आमच्या रिंकचा दिवस आठवत होता. दोन वाढदिवसांची टक्कर झाली नाही, बर्फ वितळला नाही, कोणाचा बूट हरवला नाही. अशा दिवसानंतर मला आजवर कोणी शाबासकी दिली नाही, आणि मी मात्र मनातल्या मनात रोज तिची वाट बघते. आणि याच कामासाठी मी तिघांना नापास केलं होतं.

दुसरा अहवाल मी एका वाक्याचा लिहिला, कारण वाचणाऱ्याची सवय आता माहीत होती. 'चौथी लाईन आत असताना काही घडत नाही, आणि ते त्यांचं काम आहे, ती ठेवावी.' खाली तक्ता नाही, आलेख नाही. ग्रेगने तो उभ्याउभ्या वाचला.

"मागच्या वेळी तू उलट लिहिलं होतंस."

"मागच्या वेळी मी दुसऱ्याच खेळाचं लिहिलं होतं."

मग मी त्याला खो-खो समजावून सांगितला, ऑफिसच्या खुर्च्या ओळीत मांडून. तो मनापासून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हा खेळ चांगला आहे. आपण खेळतो तो हा नाही." नव्या दोघांपैकी एकाला त्याने घेतलं, दुसऱ्याला पुढच्या हंगामाचं सांगितलं, आणि दुसऱ्या लाईनीतला त्याचाच एक मित्र, जो अर्ध्या सरावांना यायचा नाही, त्याला वगळलं. त्या मित्राने माझ्याशी बोलणं सोडलं. मॅनेजरपद मानद असलं तरी शत्रू खरे मिळतात.

आपा आली. साठीची, ठेंगणी, अंगावर बुरखा आणि त्यावर भावाच्या मुलीचं जाकीट. तिने येताना डब्यातून खापरोळ्या आणल्या होत्या आणि त्या खायला देण्यासाठी ती माणसं शोधत होती. मी तिच्याशेजारी बसले. सामना बहारीनशीच होता आणि शेवटी शेवटी आम्ही एका गोलने पुढे होतो.

इम्तियाजभाई आत गेले तेव्हा तिने माझा हात धरला. ते कोपऱ्यात गेले, दोन धिप्पाड माणसांच्या मध्ये दिसेनासे झाले, परत दिसले, आणि कठड्यावरून बाहेर.

"एवढ्यात आउट झाला?" आपा म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

"आउट नाही, आपा. पाळी झाली त्यांची."

"कोणी काढलान त्याला?"

"कोणी नाही. स्वतः आले. दमायच्या आत बाहेर यायचं असतं, म्हणजे पुढचा ताजा जातो."

तिने थोडा विचार केला. "आणि जो बाहेर येत नाय, त्याचं काय करतात?"

"त्याला मी पहिला नंबर दिला होता."

आपाने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि मला आणखी एक खापरोळी दिली.

शेवटच्या मिनिटाला बहारीनवाल्यांनी गोलकीपर काढून एक खेळाडू जास्त घातला. मला वाटलं, आता तारिक. तारिक उठलाही होता. ग्रेगने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि ओरडला, "चौथी लाईन, यल्ला, चला." ते तिघे आत गेले. पक कोपऱ्यात गेला. जोएल त्यावर वाकला, अमेय जोएलवर, आणि इम्तियाजभाई पाठ करून दोघांवर, दार लावून घेतल्यासारखे. सगळं बहारीन त्यांना मागून ढोसत होतं. काही झालं नाही. काही झालं नाही. भोंगा वाजला.

"मग केलान काय त्यानं?" आपाने विचारलं. बाकी सगळे उड्या मारत होते.

"काही होऊ दिलं नाही."

"ह्येच्यासाठी मला इमानात बसवलान," ती म्हणाली. पण बुरख्याच्या टोकाने डोळे पुसत होती.

नमाजनंतर मॉल उघडला. इम्तियाजभाई आंघोळ, नमाज उरकून पुन्हा काउंटरवर उभे होते आणि रांगेतल्या पोरांना बुटांचा नंबर विचारत होते. आपा रांगेत घुसली आणि म्हणाली, "मला पण चढव बर्फावर. मोहल्ल्यात सांगायला काय तरी हवं."

"आपा, पडशील."

"तू नाय पडलास, मी कशी पडेन?"

लहान मुलांना धरायला आमच्याकडे प्लास्टिकचे पेंग्विन असतात. त्यातला एक घेऊन, एका बाजूला अमेय, एका बाजूला जोएल, अशी आपा आत गेली. कठड्यापासून चार पावलं लांब, तिथे थोडा वेळ ताठ उभी राहिली, आजूबाजूला बघितलं आणि दोघांना पेंग्विन वळवायला लावून परत आली. दारात रबरी पायपुसण्यावर मी नेहमीच्या जागी उभी होते. तिने पेंग्विन माझ्या हातात दिला.

"माजी पाळी झाली, गो बाय. आता ताजं माणूस जाऊ दे."

इम्तियाजभाईंनी काउंटरवरून माझ्या मापाचे स्केट आधीच पुढे सरकवले होते. माझा नंबर त्यांना कसा माहीत, ते मी विचारलं नाही.

मी आत गेले. पाय मला न विचारता दोन दिशांना निघाले, पेंग्विन तिसऱ्या. पाऊण मिनिट व्हायच्या आत मी कठडा धरून बाहेर होते. माझ्या मागे दोन लहान मुली वाट बघत होत्या, म्हणून दार सोडून बाजूला झाले.

"पास," इम्तियाजभाई म्हणाले, आणि पुढच्या पोराला नंबर विचारला.